त्वचेचे कलम आणि केसांची लावणी



आंब्याचे भेटकलम ज्यांनी पाहिले आहे, त्यांना आजचा विषय जड जाणार नाही. रायवळ आंब्याचे लहान रोप हापूसच्या झाडाजवळ आणतात. रोपाची साल आणि हापूसच्या फांदीची साल थोडी तासून दोन्ही उघड्या बाजू एकमेकींना भिडवतात आणि वरून पट्टी आवळतात. फांदी अजून आपल्या आईच्याच झाडावर असते, तिचा रस तिकडूनच येत असतो. सांधा एकजीव झाला की मग आईकडचा भाग कापायचा. घाई केली तर फांदी वाळते.

भाताच्या लावणीची रीत निराळी. तिथे तरव्यातले रोप मुळासकट उपटायचे आणि दुसऱ्या खाचरात चिखलात रोवायचे. मधल्या वेळात त्याला कोणाचाच आधार नसतो. चार दिवस ते मान टाकते, पिवळे पडते, आणि मूळ धरले की पुन्हा हिरवे होते.

माणसाची कातडी एका जागेहून दुसऱ्या जागी नेण्याच्याही या दोनच रीती आहेत. पहिली भेटकलमाची, दुसरी लावणीची. पहिलीचा इतिहास आपल्या पुण्याशी जोडलेला आहे. दुसरीतून आजचे केशरोपण निघाले. डोक्याच्या मागच्या बाजूचे केस मुळासकट काढून टकलाच्या जागी लावायचे, याला केशरोपण म्हणतात. हे रोपण करणारे दवाखाने आता मोठ्या शहरांतच नव्हे, तर जिल्ह्याच्या गावीही दिसतात. खेड्यापाड्यांतले तरुणही तिकडे जातात. काही लग्न ठरेना म्हणून, काही भाजल्याच्या किंवा अपघाताच्या खुणा झाकाव्यात म्हणून. शस्त्रक्रिया होते, डॉक्टर घरी पाठवतात, आणि पुढचे दहा दिवस ते डोके सांभाळणे घरच्या माणसांवर येते. आजचे बोलणे मुख्यतः त्या दहा दिवसांविषयी आहे. पण ते दिवस इतके मोलाचे का, हे समजायला थोडे मागे जावे लागेल.

सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची परंपरा सांगणारी सुश्रुतसंहिता हा आपल्याकडचा शल्यविद्येचा मोठा ग्रंथ. तुटलेले नाक आणि फाटलेली कानाची पाळी कशी जोडावी हे त्यात आहे, हे पुष्कळांना ठाऊक असते. पण त्याच ग्रंथात जखमेवरचे साठ उपचार मोजून सांगितले आहेत, याची आठवण क्वचित कोणी करून देते. त्या साठांत दोन उपचार केसांविषयी आहेत. एक जखमेभोवतालचे केस काढण्याचा. केसांनी भरलेली जखम नीट भरून येत नाही, म्हणून वस्तरा, कात्री आणि चिमटा यांनी केस दूर करावेत, असे सुश्रुत सांगतो. दुसरा उपचार भरलेल्या जखमेवर पुन्हा केस उगवावेत म्हणून. त्यासाठी चतुष्पाद जनावरांचे कातडे, केस, खूर, शिंग आणि हाड यांची राख तेलाबरोबर लावायला सांगितली आहे. या राखेने केस उगवत नाहीत, हे आज आपण जाणतो. पण जखम भरली तरी वण उघडा राहतो आणि माणसाला तो सलतो, ही गोष्ट त्या वैद्याने ओळखली होती, हे मात्र खरे.

याहून महत्त्वाचा आहे तो जखमी माणसाच्या शुश्रूषेचा अध्याय. रोग्याची खोली स्वच्छ असावी. त्याची नखे आणि केस कापलेले असावेत, अंगावर पांढरे धुतलेले वस्त्र असावे. वारा, ऊन, धूळ आणि धूर टाळावा, श्रम करू नयेत. मित्रांनी जवळ बसून गोष्टी सांगाव्यात, म्हणजे वेदनेवरून मन निघते. जखमेवर चवरीने वारा घालावा. पण ती घासू नये, टोचू नये, खाजवू नये, आणि झोपेतसुद्धा तिला जपावे. मोहरी, कडुलिंबाची पाने, तूप आणि मीठ यांची धुरी दिवसातून दोनदा, दहा रात्री द्यावी, असेही तिथे आहे. धुरी आज कोणी देऊ नये. परंतु खाजवू नका, झोपेत जपा, आणि दहा दिवस दक्ष राहा, या तीन गोष्टी आजचा डॉक्टर केशरोपणाच्या रोग्याला जशाच्या तशा सांगतो.

आता पुण्याकडे वळू. १७९२ साली टिपू सुलतानाशी इंग्रजांची लढाई चालू होती. इंग्रजी फौजेत कावसजी नावाचा एक बैल हाकणारा होता. जुन्या वृत्तांतात तो मराठा शेतकरी जातीचा असल्याचे लिहिले आहे. तो टिपूच्या हाती सापडला आणि त्याचे नाक व एक हात कापण्यात आला. कावसजी वर्षाहून अधिक काळ बिननाकाचा राहिला. नाक कापणे म्हणजे अब्रू घेणे, हे मराठी माणसाला वेगळे सांगायला नको. आपली भाषाच ते सांगते. मग पुण्याजवळच्या, विटा पाडणाऱ्या जातीच्या एका माणसाने त्याला नवे नाक बसवून दिले. मुंबईचे दोन इंग्रज डॉक्टर, टॉमस क्रूसो आणि जेम्स फिंडले, यांनी ही शस्त्रक्रिया पाहिली. जेम्स वेल्स या चित्रकाराने कावसजीचे चित्र काढले. ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन' या मासिकात सगळी हकीकत छापून आली. तीत कावसजीचे नाव आहे, डॉक्टरांची नावे आहेत. ज्याने नाक केले त्याचे नाव मात्र नाही.

त्या कारागिराने काय केले ते पाहा. मेणाचा पातळ तुकडा नाकाच्या जागी बसवून त्याने माप घेतले. तो तुकडा सपाट करून कपाळावर ठेवला आणि भोवती रेघ ओढली. त्या रेघेवरून कपाळाची कातडी सोडवली. पण दोन डोळ्यांच्या मध्ये एक अरुंद पट्टी तशीच जोडलेली ठेवली. मग ती कातडी अर्धी पिळून खाली वळवली आणि नाकाच्या कडा ताज्या करून त्यांत बसवली. टाके नाहीत. पाण्यात भिजवलेला कात कापडाच्या पट्ट्यांवर लावून त्या पाच-सहा पट्ट्या सांध्यावर एकावर एक ठेवल्या. कातात तुरटपणा असतो, त्याने जखम आकसते. चार दिवस दुसरे काही नाही. त्यानंतर पट्ट्या काढून तुपात भिजवलेले कापड ठेवले. रोग्याने पाच-सहा दिवस उताणे पडून राहायचे. दहाव्या दिवशी नाकपुड्या बुजू नयेत म्हणून त्यांत मऊ कापडाचे बोळे. आणि सुमारे पंचविसाव्या दिवशी डोळ्यांमधली ती जोडपट्टी कापायची.

हे हुबेहूब भेटकलम आहे. कातडीचा रक्तपुरवठा आईच्या जागेवरून चालू ठेवायचा आणि नव्या जागी सांधा एकजीव झाला की तोडायचा. यात कापाकापीचे काम तासा-दोन तासांचे, सांभाळण्याचे पंचवीस दिवसांचे. उताणे किती दिवस पडायचे, पट्टी कधी बदलायची, बोळे कधी घालायचे, हे सारे त्या माणसाला दिवसांच्या हिशेबाने ठाऊक होते.

ही हकीकत वाचून लंडनच्या जोसेफ कार्प्यू या शल्यवैद्याने आधी प्रेतांवर सराव केला. १८१४ साली त्याने एका लष्करी अधिकाऱ्याला याच रीतीने नाक करून दिले आणि १८१६ साली त्यावर पुस्तक लिहिले. पुढे जर्मनीत आणि साऱ्या युरोपात ही रीत पसरली. आजही तिला भारतीय पद्धत म्हणतात.

या पद्धतीत एक गंमतीची अडचण येते. कपाळ लहान असले आणि वरच्या कडेची केसाळ कातडी घ्यावी लागली, तर नव्या नाकावर केस उगवतात. म्हणजे कातडीची जागा बदलली, तरी तिचा स्वभाव बदलत नाही. ही बाब ध्यानात ठेवा, पुढे तिचा उपयोग आहे.

आता दुसरी रीत, लावणीची. पूर्ण तोडलेली कातडी दुसऱ्या जागी जगते का? १८०४ साली मिलान शहरात ज्युसेप्पे बारोनियो याने मेंढीवर प्रयोग करून ती जगते असे दाखवले. १८२२ साली योहान डीफेनबाख या जर्मन तरुणाने पदवीसाठी प्रबंध लिहिला. त्यात त्याने केस उपटून स्वतःच्या दंडात सुईने रोवल्याचा प्रयोग सांगितला आहे. काही केस गेले, काहींनी मूळ धरले. हाच डीफेनबाख पुढे बर्लिनमध्ये नाके दुरुस्त करणारा म्हणून नावाजला. १८६९ साली पॅरिसमध्ये रेव्हर्दिन याने कातडीचे अगदी लहान तुकडे उघड्या जखमेवर ठेवले, ते रुजले आणि त्यांच्या कडांनी जखम भरत आली. १८७४ साली टिअर्श याने पातळ आणि मोठे पापुद्रे लावण्याची रीत दिली. याच सुमारास, १८६७ पासून, लिस्टर याने कार्बोलिक आम्ल वापरून जखमेतले जंतू मारता येतात हे दाखवले होते. जंतू आवरले गेले म्हणून कलमे जगू लागली. त्याआधी पू होऊन कितीतरी कलमे आणि कितीतरी रोगी गेले.

एक प्रश्न उरला. बापाचे केस मुलाला लावता येतील का? १९४३ साली, महायुद्धात भाजलेल्या माणसांवर काम करताना, गिब्सन आणि मेडावर यांनी त्याचे उत्तर दिले. दुसऱ्या माणसाची कातडी आधी रुजल्यासारखी दिसते, पण शरीर तिला परकी ओळखते आणि काही दिवसांत टाकून देते. दुसऱ्यांदा त्याच माणसाची कातडी लावली तर आणखी लवकर टाकते. म्हणून साध्या केशरोपणात केस स्वतःचेच लागतात. 'दुसऱ्याचे दाट केस लावून देतो' असे जर कोणी म्हणाला, तर त्याच्या पायरीवरूनच मागे फिरावे.

केसांच्या लावणीचा खरा पाया जपानात घातला गेला. शोजी ओकुदा या त्वचारोगतज्ज्ञाने १९३९ साली आपले काम प्रसिद्ध केले. दोन ते चार मिलिमीटर रुंदीच्या गोल पोकळ सुरीने केसाळ कातडीच्या गोळ्या काढायच्या आणि वणाच्या जागी तशीच भोके पाडून त्यांत बसवायच्या. भाजून किंवा आजाराने ज्यांच्या डोक्याचे, भुवईचे, मिशीचे केस गेले, असे सुमारे २०० रोगी त्याने हाताळले. १९४३ साली हाजिमे तामुरा याने त्याहून बारीक, एकेका केसाची रोपे लावली. टकलाच्या हौसेसाठी हे काम सुरू झाले नव्हते, हे ध्यानात घ्या. भाजलेल्या बाईला तिची भुवई परत मिळावी, यासाठी ते होते. पण महायुद्धाच्या धामधुमीत जपानी भाषेतले हे लेख बाहेरच्या जगाला कळलेच नाहीत, आणि पश्चिमेला तीच विद्या पुन्हा पहिल्यापासून शिकावी लागली.

तिकडे १९४२ साली जेम्स हॅमिल्टन या अमेरिकन शास्त्रज्ञाने टक्कल का पडते याचा उलगडा केला होता. वयात येण्यापूर्वीच ज्यांची पुरुषग्रंथी गेली, त्यांना नेहमीचे टक्कल पडत नाही. त्यांना पुरुषी संप्रेरक टोचले, तर घराण्यात टक्कल असलेल्यांचे केस मात्र गळू लागतात. म्हणजे टक्कल पडते ते आनुवंशिकतेने आणि संप्रेरकाने. टोपी घातल्याने, फेटा बांधल्याने किंवा विहिरीच्या जड पाण्याने ते पडत नाही.

न्यूयॉर्कच्या नॉर्मन ओरेंट्राइख यांनी १९५२ साली टकलावर केसांचे रोपण केले आणि १९५९ साली त्यावर लेख लिहिला. त्यांनी केसाळ जागेची कातडी टकलावर आणि टकलाची कातडी केसाळ जागेत लावून पाहिली. मागच्या बाजूचे केस पुढे लावले तर ते वाढतच राहिले. टकलाची कातडी केसांत लावली तर ती टक्कलच राहिली. नाकावर उगवणाऱ्या केसांची बाब इथे कामाला आली पाहा! डोक्याच्या मागच्या आणि बाजूच्या केसांवर त्या संप्रेरकाचा परिणाम सहसा होत नाही, आणि हा गुण ते नव्या जागीही सोबत नेतात.

पण ओरेंट्राइख यांची रोपे चार मिलिमीटरची, गड्ड्यागड्ड्यांची होती. डोके बाहुलीच्या डोक्यासारखे दिसे. केस मुळात एक ते चार अशा लहान जुडग्यांनी उगवतात. १९८८ पासून टेक्सासमधल्या बॉबी लिमर या डॉक्टरांनी सूक्ष्मदर्शकाखाली ही जुडगी वेगळी करून एकेक लावायला सुरुवात केली आणि १९९४ साली ते प्रसिद्ध केले. पुढे २००२ साली, मागची पट्टी न कापता एकेक जुडगे कोरून काढण्याच्या रीतीवर लेख आला. आज या दोन्ही रीती चालतात. एका बैठकीत हजार-दोन हजार जुडगी लावणे नेहमीचे झाले आहे. म्हणजे डोक्यावर तेवढ्याच बारीक जखमा, आणि प्रत्येकीत एक उपटलेले रोप.

आता या रोपाचे पुढे काय होते, ते पाहू. पहिला दिवस-दीड दिवस त्याला रक्त मिळतच नाही. भोवतालच्या जखमेतून जो पातळ द्रव पाझरतो, त्यावरच ते तग धरते. मग नव्या जागेच्या बारीक रक्तवाहिन्या त्याच्या वाहिन्यांना येऊन मिळतात, आणि तीन ते पाच दिवसांत रक्त खेळू लागते. तोवर ते फक्त गोठलेल्या रक्ताच्या चिकटपणाने धरलेले असते. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत लावलेले केस वेगवेगळ्या दिवशी ओढून पाहण्यात आले. पहिले दोन दिवस केस ओढला की रोप निघून येई. खपली ओढली तर पाचव्या दिवसापर्यंत रोप तिच्याबरोबर येई. नवव्या दिवसानंतर मात्र ओढून निघेना. सुश्रुताच्या दहा रात्री आणि हा हिशेब किती जवळ आला, पाहा. माणसाची कातडी तेव्हाही तितक्याच दिवसांत सांधत होती.

खपलीविषयी एक जुनी समजूत आहे, की जखम कोरडी ठेवावी म्हणजे लवकर भरते. १९६२ साली जॉर्ज विंटर यांनी डुकरांवर प्रयोग करून दाखवले, की ओलसर झाकून ठेवलेल्या वरवरच्या जखमेवर नवी त्वचा कोरड्या जखमेच्या सुमारे दुप्पट वेगाने येते. जाड खपली ही नव्या त्वचेच्या वाटेतला बांधच असतो. म्हणून आज केशरोपणानंतर जंतुविरहित मिठाच्या पाण्याचा हलका फवारा मारायला आणि लवकर धुवायला सांगतात.

आता घरात काय करायचे, ते क्रमाने सांगतो. प्रत्येक डॉक्टरच्या सूचनांत थोडा फरक असतो. आपल्या डॉक्टरने सांगितले असेल तेच धरावे. हे केवळ समजून घेण्यासाठी.

पहिले चार-पाच दिवस डोके उंच ठेवून झोपावे. पाठीमागे दोन-तीन उशा घेऊन आरामखुर्चीत रेलल्यासारखे पडावे. कुशीवर किंवा पालथे झोपू नये, लावलेली जागा उशीला लागता कामा नये. दुसऱ्या ते पाचव्या दिवसांत कपाळ सुजते, सूज खाली डोळ्यांपर्यंत उतरते. भूल देताना टोचलेले पाणी उतरत असते ते. घरची माणसे घाबरतात, पण सूज चार-पाच दिवसांत आपोआप ओसरते. कपाळावर शेक देऊ नये, चोळू नये.

धुणे डॉक्टर सांगेल त्या दिवसापासून, बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सुरू होते. स्वच्छ कोमट पाणी तांब्यात घ्यावे, ते थेट डोक्यावर न ओतता आपल्या हातावरून हळू सोडावे. नळाची धार डोक्यावर धरू नये. सौम्य साबणाचा फेस हातात करून तो नुसता टेकवावा. नखे कापलेली असावीत. टॉवेलने पुसू नये. हवेवर वाळू द्यावे. आठव्या-दहाव्या दिवसापासून खपल्या भिजवून बोटाच्या पेरांनी अगदी हळू फिरवले की त्या आपण होऊन गळतात. त्याआधी नखाने उचलू नयेत. खाज सुटते, ती जखम भरत असल्याची खूण आहे. खाजवले की रोप गेले, आणि त्या जागी दुसरे रोप आणायचे तर मागचा साठा मोजकाच असतो.

खेड्यातल्या घरात डोके आपटण्याच्या जागा पुष्कळ. ठेंगणे दार, गोठ्याची वळचण, एस.टी.तला दांडा. पहिले दहा दिवस वाकून चालावे. या दिवसांत फेटा, घट्ट टोपी, शिरस्त्राण नको. मोटारसायकलवर शिरस्त्राण तर हवेच, म्हणून त्या दिवसांत मोटारसायकलच नको. डोक्यावर पाटी, भारा, घागर घेऊ नये. नांगरट, मळणी, कुस्ती, असे घाम काढणारे काम निदान दोन आठवडे टाळावे. विहिरीत, नदीत, तळ्यात महिनाभर पोहू नये. ऊन जपावे, बाहेर पडायचे तर छत्री घ्यावी. बिडी, सिगारेट, तंबाखू, मिश्री पूर्ण बंद. निकोटीनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात, आणि रोपाला याच दिवसांत रक्त हवे असते.

आणि ही गोष्ट आजीबाईंनी आवर्जून ऐकावी. ताज्या जखमेवर हळद, चुना, राख, शेण, झाडपाल्याचा लगदा, मंतरलेले तेल, काहीही लावू नये. तुमची माया खरी आहे. पण मातीतून आणि शेणातून धनुर्वाताचे जंतू जखमेत जातात, आणि धनुर्वात जीव घेतो. साधे खोबरेल तेलसुद्धा डॉक्टरने परवानगी दिल्यावरच. धनुर्वाताची लस घेतली आहे की नाही, ते शस्त्रक्रियेपूर्वीच विचारावे.

दोन ते सहा आठवड्यांच्या दरम्यान आणखी एक धक्का बसतो. लावलेले केस गळून पडतात. हजारो रुपये पाण्यात गेले असे वाटून माणूस खचतो, घरात बोलणी होतात. इथे लावणीचे खाचर आठवावे. रोप पिवळे पडले म्हणून शेतकरी ते उपटून टाकत नाही. वरचा केस गळतो, पण मूळ कातडीत जिवंत असते आणि विश्रांती घेते. तीन-चार महिन्यांनी बारीक केस फुटू लागतात, महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर वाढतात. पूर्ण परिणाम दिसायला वर्षभर, कधी त्याहूनही अधिक काळ लागतो.

पण काही खुणा मात्र थांबण्याच्या नाहीत. वेदना कमी होण्याऐवजी वाढणे, लाली पसरत जाणे, पू येणे, घाण वास, ताप, कातडी काळी पडणे, दाबूनही न थांबणारे रक्त. यांपैकी काही दिसले की त्याच दिवशी डॉक्टरकडे जावे. श्वास कोंडणे, अंगावर गांधी उठून चेहरा आणि घसा सुजणे, चक्कर येऊन पडणे, असे झाले तर क्षणही न दवडता मोठ्या रुग्णालयात न्यावे. २०१९ साली मुंबईत एका व्यापाऱ्याचा केशरोपणानंतर मृत्यू झाला. डोक्याच्या केसांसाठी केलेली शस्त्रक्रिया लहान दिसली तरी ती शस्त्रक्रियाच असते.

म्हणून कोणाकडे जायचे, हेही पाहिले पाहिजे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये याविषयी सूचना काढल्या. या विषयाचे रीतसर शिक्षण घेतलेल्या डॉक्टरनेच केशरोपण करावे. एखाद्या कार्यशाळेत बसून किंवा यूट्यूबवर पाहून शिकणे पुरेसे नाही, असे त्यांत स्पष्ट आहे. डॉक्टरची पदवी आणि नोंदणी विचारण्यात संकोच करू नये. सुरी कोण चालवणार, आणीबाणीची सोय काय, घरी गेल्यावर रात्री फोन कोणाला करायचा, हे तीन प्रश्न पैसे देण्यापूर्वी विचारावेत. मधुमेह, रक्तदाब, रक्त पातळ करणारी औषधे, कोणत्या औषधाची पूर्वी बाधा झाली असेल तर ती, हे काही लपवू नये. चाई पडली असेल, किंवा गजकर्णाने केस गेले असतील, तर आधी त्या रोगाचा इलाज. त्यावर केशरोपण हा उपाय नव्हे.

आणि ज्याला हे काहीच करायचे नसेल, त्याने करू नये. टकलाने आयुष्य घटत नाही. लग्नाच्या बाजारात मुलाच्या डोक्याकडे बोट दाखवून हसणारे आपणच असतो, आणि मग कर्ज काढून तो शहराकडे धावतो. वर्गात 'टकल्या' म्हणून चिडवणे थांबवणे शिक्षकांच्या हाती आहे. त्याला खर्च काही लागत नाही.

शिक्षक बंधुभगिनींना आणखी एक सुचवतो. शाळेच्या आवारात मुलांकडून एक भेटकलम करून घ्या. सांधा बांधल्याची तारीख वहीत लिहायला सांगा, आणि रोज तो न हलवता नुसता पाहायला सांगा. कलमाची फांदी कापण्याच्या दिवशी कावसजीची गोष्ट सांगा, आणि पुण्याजवळच्या त्या विटा पाडणाऱ्या माणसाचीही सांगा. ज्याचे नाव त्या पत्रात कोणी छापले नाही, पण पंचविसाव्या दिवसापर्यंत थांबायचे असते हे ज्याला माहीत होते.